मांडवाला एक खण वाढवताना: जुन्या तुळईला नवी तुळई कशी जोडायची

दापोलीजवळच्या आमच्या घराच्या खळ्यात चार खांबांचा लाकडी मांडव आहे. शहरात ह्याला पर्गोला म्हणतात. कोकणात मांडव म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तो दिवाळीनंतर घालायचा आणि पावसाआधी उतरवायचा, सुपारीच्या खांबांचा आणि बांबूचा मांडव. आमचा बारमाही आहे. मधुमालती चढवलेली, खाली बाकडं, मे महिन्यात पोराबाळांची झोपायची जागा.

माणसं वाढली तसा मांडव एका खणाने, म्हणजे दोन खांबांमधल्या एका गाळ्याने, वाढवायचं ठरवलं. जुनी तुळई खांबाच्या पुढे फूटभर आलेलीच होती. तिच्या टोकाला नवी तुळई लावली, दोन्ही अंगांनी लोखंडी पट्ट्या ठोकल्या, डझनभर स्क्रू आवळले आणि स्वतःवर खूश झालो. गौरी-गणपतीपर्यंत तो सांधा दोन इंच खाली बसला होता. पट्ट्या काढल्या तर स्क्रूंच्या भोवती लाकूड काळंठिक्कर पडलं होतं आणि नखाने उकरलं तरी निघत होतं. वाडीतले सुतारकाका बघायला आले, वर पाहून म्हणाले, "ह्यो सांदा कोनी मारलान?" मी म्हटलं, मीच. त्यावर ते काही बोलले नाहीत, चहा मागितला.

पुढच्या हिवाळ्यात त्यांना विचारत विचारत सगळं उतरवून पुन्हा केलं. ते कसं केलं, आणि त्यातही कुठे चुकलो, ते इथे क्रमाने लिहितोय. तुम्ही सुतार नसलात तरी हाताला थोडी सवय आणि मदतीला एक माणूस असेल तर हे काम जमतं. फक्त दिवाळी ते होळीच्या दरम्यान करा.

मापं इंच आणि सुतात देतोय, कारण वखारीत आणि सुताराकडे तीच चालतात. आठ सूत म्हणजे एक इंच. बोल्ट मात्र मिलिमीटरमध्येच मागावे लागतात.

काय काय लागेल

हत्यारं: हातकरवत, एक इंची आणि अर्धा इंची पटाशी, लाकडी हातोडा, रंधा, गुण्या, ओळंबा, दोरी, पाण्याची पारदर्शक नळी, ड्रिल, ११ मिलिमीटरचं लांब बिट, चार मोठे क्लँप, दोन शिड्या. टेकूंसाठी चार बल्ल्या आणि लाकडाच्या पाचरी. गाडीचा जॅक मिळाला तर उत्तम.

सामान: नव्या तुळया, खांब, वासे, हस्तासाठी (खांब आणि तुळई ह्यांच्या मधला आडवा ठोकळा, पुढे सांगतोच) जाड तुकडे, १० मिलिमीटरचे बोल्ट, मोठे वायसर, कोच स्क्रू (पान्याने आवळायचे जाड स्क्रू), पाच मिलिमीटर जाडीच्या पट्ट्या, तेल.

कागद: वखारीची पक्की पावती जपून ठेवा. स्वतःच्या जागेतला साग, ऐन, किंजळ, जांभूळ, फणस किंवा आंबा तोडणार असाल तर झाड आपलं असलं तरी आधी परवानगी लागते, कारण ही झाडं १९६४च्या महाराष्ट्र वृक्षतोड विनियमन कायद्याच्या अनुसूचीत आहेत. तोडलेलं लाकूड दुसरीकडे न्यायचं तर वनखात्याचा वाहतूक परवाना वेगळा. मांडवावर पुढे पत्रा घालायचा विचार असेल तर ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत आधीच विचारून घ्या. गच्चीवर करत असाल तर सोसायटीची परवानगी लेखी घ्या, तोंडी नको.

१. आधी जुना मांडव तपासा

नवीन लाकूड आणण्याच्या उत्साहात हे राहून जातं. एक जाड स्क्रूड्रायव्हर घ्या आणि खांबाचा तळ, खांबाचं डोकं आणि तुळईचं टोक, असं तिन्ही ठिकाणी टोचून बघा. चांगल्या लाकडात टोक जेमतेम शिरतं. पाव इंचाहून जास्त सहज गेलं तर तिथे कूज आहे. हातोडीने हलकं ठोकून आवाजही ऐका. खणखणीत यायला हवा, बद्द आला तर आत पोकळ आहे किंवा वाळवी आहे.

खांबाच्या डोक्यावर विशेष लक्ष द्या. लाकूड पाणी पितं ते मुख्यतः कापलेल्या टोकांमधून, आणि खांबाचं डोकं म्हणजे आभाळाकडे तोंड केलेलं कापलेलं टोकच. त्यावर तुळई असली तरी फटीतून पाणी उतरतंच.

आता तुळईची खरी मापं घ्या. आमची तुळई तीन बाय सहाची म्हणून आणलेली होती. वाळून, रंधून प्रत्यक्षात निघाली पावणेतीन बाय पावणेसहा. एका टोकाला मोजून थांबू नका, तीन ठिकाणी मोजा.

२. सांधा कुठे येणार ते ठरवा

सगळ्या लेखातली ही पायरी नीट वाचलीत तरी माझे पैसे आणि एक पावसाळा वाया गेला त्याचं चीज होईल.

दोन खांबांवर ठेवलेली तुळई वजनाने वाकते तेव्हा सर्वांत जास्त ताण मधोमध येतो. वरचा भाग दाबला जातो, खालचा ओढला जातो. अखंड लाकडाचे लांबीतले धागे ती ओढ सहन करतात. सांध्यात ते धागेच तुटलेले असतात, म्हणजे सगळी ओढ तुमच्या स्क्रूंवर आणि पट्ट्यांवर. खांबाच्या डोक्यावर मात्र अशा तुटक तुळईला वाकण्याचा ताण जवळजवळ नसतो. तिथे तिने फक्त खांबावर बसायचं असतं. म्हणून सांधा खांबावर घ्यायचा. खांबापासून हातभर पुढेही नाही, बरोबर खांबावर.

इंजिनीयर लोक अखंड तुळईच्या हिशेबाने खांबापासून थोडं दूर सांधा घेऊ शकतात, कारण तिथे ताण शून्यावर येणारी जागा असते. तो हिशेब वजन सगळ्या खणांत सारखं असेल तेव्हाचा. वेलाचं वजन सारखं कधीच नसतं, एका कोपऱ्यात जाळी होते आणि दुसरा उघडा राहतो. आपण त्या वाटेला जायचं नाही.

ह्याच्याशी जोडलेला दुसरा मोह म्हणजे मधला खांब काढून टाकणं. मांडव वाढला की मधला खांब आडवा येतो, बाकडं ठेवता येत नाही, घरचे म्हणतात काढून टाका. लांबी दुप्पट झाली आणि फूटभर लांबीवरचं वजन तेवढंच राहिलं तरी त्याच मापाच्या तुळईची झोल, म्हणजे मध्ये खाली वाकणं, सोळा पट होते. नऊ फुटांत दीड सूत झोल असेल तर अठरा फुटांत ती तीन इंच होईल, आणि तेही मध्ये सांधा नसताना. खांब राहू द्या, त्याला वेल चढवा.

जुने वाडे बघितलेत तर खांब आणि तुळई ह्यांच्या मध्ये एक जाडजूड, दोन्ही बाजूंना पसरलेला लाकडी तुकडा दिसतो. तोच हस्त. त्यावर नक्षी असते म्हणून आपण त्याला शोभेची वस्तू समजतो. पण चार इंची खांबावर दोन तुळयांची टोकं टेकवायची तर प्रत्येकीच्या वाट्याला दोनच इंच येतात. हस्तामुळे ती बैठक दोन फुटांची होते. आपला सांधा ह्या हस्तावर बसणार आहे.

३. सांध्याचा प्रकार

पुस्तकात डझनभर सांधे असतात. आपल्या कामाला अर्ध्या जाडीचा सांधा पुरतो: दोन्ही तुळयांची टोकं बाराबारा इंच लांबीत अर्धी करायची आणि एकमेकांना लावायची. प्रश्न असतो तो कोणत्या बाजूने अर्धी करायची हा.

बरेच जण एक तळवा दुसऱ्यावर पालथा ठेवावा तसा सांधा करतात, म्हणजे खालचा अर्धा भाग एका तुळईचा आणि वरचा दुसरीचा. दिसायला सुबक. पण मधली फट आडवी असल्याने त्यात पाणी जाऊन बसतं. शिवाय वरच्या तुळईचा खालचा कोपरा कापलेला असतो, आणि वजन आलं की त्या कोपऱ्यापासून लाकूड लांबीत चिरत जातं.

नमस्काराला जोडलेल्या तळव्यांसारखा उभा सांधा घ्या. अर्धी जाडी एका तुळईची, अर्धी दुसरीची, दोन्ही शेजारी शेजारी, आणि दोन्ही आपल्या पूर्ण उंचीने हस्तावर टेकलेल्या. फट उभी असते, त्यामुळे पाणी वरून आलं तसं खाली निघून जातं.

खाच पाडायला हात धजत नसेल तर आणखी एक सोपी वाट आहे. एका जाड तुळईऐवजी खांबाच्या दोन अंगांना दोन फळ्या लावायच्या आणि बोल्ट आरपार घ्यायचे. फळ्यांचे सांधे एकाच खांबावर आणू नका, एकीचा ह्या खांबावर तर दुसरीचा पुढच्यावर. नव्याने सगळाच मांडव बांधणाऱ्यांना मी हेच सांगेन. जुनी जाड तुळई असलेल्यांना मात्र खाच पाडल्यावाचून सुटका नाही.

४. लाकूड

जुना मांडव ज्या लाकडाचा तेच आणा. आमचा सागाचा होता. ऐन आणि किंजळ कोकणात घरोघरी आहेत, मजबूतही आहेत, पण नवख्याच्या हाताला ऐन फार कडक. पटाशी दर दहा मिनिटांनी दगडावर घासावी लागते, आणि आधी भोक न पाडता स्क्रू मारला तर लाकूड फाटतं. आंब्याच्या फळ्या स्वस्त मिळतात, त्या उघड्यावरच्या कामाला घेऊ नका.

सागातही गाभ्याचं लाकूड मागा. कडेचा फिकट, पांढरट भाग वाळवीला आणि किडीला लगेच बळी पडतो. तो साग आहे म्हणून टिकेल असं नाही.

वखारीतलं ताजं चिरलेलं लाकूड ओलं असतं. ओल उतरली की ते आडवं आक्रसतं, लांबीत जवळजवळ नाही. सहा इंच उंचीची सागाची तुळई वाळेपर्यंत सूत-सव्वासूत कमी होऊ शकते. ओल्या लाकडात आज घट्ट बसवलेला सांधा उन्हाळ्यात खुळखुळतो. म्हणून मी घर पाडून निघालेलं जुनं लाकूड शोधलं. ते वर्षानुवर्षं वाळलेलं असतं, पीळ पडायचा तो पडून गेलेला असतो. त्यात खिळे असतात एवढीच भानगड. चुंबक फिरवून एकेक खिळा काढा. मी एक विसरलो आणि भाड्याने आणलेल्या रंध्याचं पातं भरून द्यावं लागलं.

किती घ्यायचं? आमचा नवा खण नऊ फुटांचा. सांध्यासाठी खांबाच्या मध्यापासून अर्धा फूट मागे, पुढच्या टोकाला फूटभर बाहेर, म्हणजे साडेदहा फूट. टोकांना चिरा असतात म्हणून अकरा फूट घेतलं. घनफुटाचा हिशेब असा: रुंदी इंचात, जाडी इंचात आणि लांबी फुटांत गुणायची, १४४ने भागायचं. सहा गुणिले तीन गुणिले अकरा म्हणजे १९८, भागिले १४४, म्हणजे एका तुळईचं १.३७५ घनफूट. दोन तुळयांचं पावणेतीन. हा हिशेब घरून करून जा, वखारीत तोंडी आकडे फार वेगाने पडतात.

५. नवे खांब

ह्यात विशेष काही नाही, पण घाई करू नका. दीड फूट चौरस आणि दोन फूट खोल खड्डा, त्यात काँक्रीट, वर जमिनीच्या दोन-तीन इंच वर येणारा तळखडा आणि त्यात खांबासाठी गज किंवा पत्र्याचा बूट. लाकूड मातीत पुरायचं नाही, डांबर लावून सुद्धा नाही. काँक्रीटला किमान सात दिवस पाणी मारा आणि तोपर्यंत त्यावर वजन टाकू नका. नवा पाया थोडा बसतो, जुना बसून झालेला असतो. तो फरक सांध्यात उतरायला नको.

चौकोन काटकोनात आहे का ते कर्ण मोजून बघा. दोन्ही कर्ण सारखे आले पाहिजेत. खांबांची उंची पाण्याच्या नळीने जुळवा. नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर माप खोटं येतं, भरताना नळी वरून खालपर्यंत नजरेखालून घाला.

६. टेकू, आणि जुन्या तुळईवरची खाच

आता खरं काम. एका वेळी एकाच बाजूची तुळई घ्या, दुसरी तशीच बसलेली राहू द्या.

आधी त्या टोकाचे दोन वासे उतरवून ठेवा आणि वेल दोरीने मागे ओढून बांधा. मग खांबापासून दीड फूट आतल्या बाजूला, जुन्या तुळईखाली बल्लीचा टेकू द्या. बल्लीखाली फळी हवी, नाहीतर ती मातीत रुतते. समोरासमोर दोन पाचरी ठोकून किंवा जॅकने तुळई हळूहळू उचला. दोन सूत उचलली की पुरे. फार उचललीत तर पलीकडच्या खांबावरचे जोड उपटतील. टेकू दोन्ही दिशांनी दोरीने किंवा पट्टीने बांधून टाका, म्हणजे धक्का लागून सरकणार नाही. हे केल्याशिवाय खांबावरचा एकही स्क्रू काढू नका.

तुळई टेकूवर आली की तिला खांबाशी धरणारे जुने लोखंडी अँगल सोडवा आणि खांबाचं डोकं हस्ताच्या उंचीएवढं, आमच्याकडे चार इंच, कापून काढा. ह्यात तीन कामं एकदम होतात. कुजलेला भाग निघून जातो, हस्ताला जागा होते आणि तुळईखाली करवत फिरवायला मोकळं मिळतं. मी पहिल्यांदा खांब न कापताच खाच पाडायला गेलो. करवत खाली खांबावर आपटायची, रेघ वाकडी गेली, आणि ती अजून तशीच आहे. पाहुण्यांना दाखवतो.

जुन्या तुळईचं बाहेर आलेलं, गोलाई दिलेलं टोक खांबाच्या मध्यापासून सहा इंच ठेवून कापा. कापलेला तुकडा टाकू नका. नव्या तुळईची जाडी त्याच्याशी जुळवता येते, पटाशीचा सराव त्यावर करता येतो.

आता आखणी. टोकापासून बारा इंचांवर गुण्याने चारही बाजूंनी रेघ मारा. ही सांध्याची हद्द. मग जाडीच्या मधोमध लांबीत रेघ. आमची तुळई पावणेतीन इंच म्हणजे बावीस सूत, मध्य आला अकरा सुतावर. हे अकरा सूत दोन्ही तुळयांवर एकाच अंगाकडून मोजायचे, समजा बाहेरच्या. एकीवर बाहेरून आणि दुसरीवर आतून मोजलंत तर जाडीतला थोडासा फरकही सांध्यावर पायरी होऊन दिसतो.

जो भाग काढून टाकायचा त्यावर खडूने मोठी फुली मारा. जुन्या तुळईचा आतला अर्धा भाग काढला तर नव्या तुळईचा बाहेरचा काढायचा. वाचताना हे इतकं सरळ वाटतं की लिहायची गरज काय, असं मनात येईल. मी एक तुळई उलटी कापली. सुदैवाने अकरा फुटांतलं जास्तीचं अर्धं फूट होतं, बाहेर येणारं टोक आखूड करून भागवलं. म्हणून त्या बाजूचा मांडव पुढे अर्धा फूट कमी आहे.

करवत रेघेच्या फुलीकडच्या बाजूने चालवा, रेघ शिल्लक राहिली पाहिजे. आधी लांबीतला काप टोकाकडून बारा इंचांपर्यंत, मग हद्दीवरचा आडवा काप. आडवा काप अकरा सुताच्या खाली जाऊ देऊ नका. तिथे जास्त कापलेला एक सूत म्हणजे तुळई चिरायला दिलेली वाट. राहिलेले उंचवटे पटाशीने साफ करा. पटाशी कडेकडून मध्याकडे चालवा, आरपार मारली तर पलीकडची कड फुटते. सपाटी बघायला गुण्याची पट्टी आडवी धरा आणि पलीकडून उजेड बघा.

७. नवी तुळई आणि हस्त

नव्या तुळईची खाच खाली जमिनीवर, सुताराच्या लाकडी घोड्यावर ठेवून पाडायची, त्यामुळे हे निम्म्या वेळात होतं. त्याआधी ती जुन्या तुकड्याच्या मापाला रंधून घ्या. उंचीत फरक राहिलाच तर वरच्या कडा जुळवा, कारण वर वासे बसणार आहेत. खालचा फरक हस्तावर पातळ फळी घालून भरता येतो.

हस्त दोन फूट लांब, चार इंच उंच, खांबाएवढा रुंद. दोन्ही टोकांना खालून तिरका काप द्या, जड दिसत नाही. तुळईपेक्षा तो रुंद असल्याने दोन्ही बाजूंना पाच-पाच सुतांचा काठ उरतो. त्या काठाला बाहेरच्या बाजूला उतार द्या, नाहीतर पहिल्याच पावसात तिथे शेवाळ धरेल. खांबाच्या डोक्यावर कुसू (पुढे आलेली लाकडी जीभ) काढून हस्तात त्याचं भोक पाडणं ही खरी पद्धत. मला ते जमलं नाही. दोघांतही मधोमध भोक पाडून १२ मिलिमीटरचा स्टेनलेस गज बसवला, तीन इंच खांबात आणि तीन इंच हस्तात.

हस्त बसवा, त्यावर नवी तुळई चढवा, सांधा जुळवा. बोल्ट नाही, काही नाही, नुसतं बसवून बघा. हद्दीवर अर्धा सूत फट राहिली तर चांगलंच, टोकाच्या लाकडाला वारा लागतो. उभ्या फटीत मात्र कागद शिरता कामा नये. शिरत असेल तर उतरवा, उंचवटा शोधा, रंधा मारा. आम्ही एक तुळई चार वेळा चढवली-उतरवली.

आतल्या कापलेल्या तोंडांना जोडण्याआधी दोन हात तेल द्या, नंतर तिथे ब्रश पोचत नाही. गोंद लावू नका. सिलिकॉन भरायचा मोह होईल, तोही टाळा. ते एका ठिकाणी सुटतं, तिथून पाणी आत जातं आणि बाकीच्या सिलिकॉनमुळे बाहेर येत नाही.

८. बोल्ट

खांबावरच्या सांध्यात बोल्टांनी वजन उचलायचं नसतं, दोन तुळयांना एकत्र धरून ठेवायचं असतं. त्यामुळे १० मिलिमीटरचे दोन बोल्ट पुरतात. ते एका सरळ रेषेत घेऊ नका, कारण लाकूड धाग्यांच्या दिशेने फाटतं. एक बोल्ट वरून दोन इंचांवर आणि दुसरा खालून दोन इंचांवर, दोन्ही सांध्याच्या टोकांपासून तीन इंच आत. नियम लक्षात ठेवायचा तर असा: लाकडाच्या टोकापासून बोल्टच्या जाडीच्या सात पट आणि कडेपासून चार पट अंतर हवं.

सांधा क्लँपने आवळा आणि दोन्ही तुळयांतून एकदमच भोक पाडा. वेगवेगळी पाडलेली भोकं जुळत नाहीत. ११ मिलिमीटरचं बिट घ्या. बिट पलीकडून बाहेर यायच्या वेळी तिथे फळीचा तुकडा दाबून धरा. दोन्ही बाजूंना मोठे वायसर घाला, नाहीतर नट लाकडात रुतत जातो.

धातूबद्दल कंजुषी करू नका. चकचकीत झिंक मुलामा दिलेले स्वस्त बोल्ट कोकणात दोन पावसाळे काढत नाहीत. गरम जस्तात बुडवलेले, करडे, जरा खडबडीत दिसणारे घ्या. समुद्र जवळ असेल तर ३१६ दर्जाचं स्टेनलेस. साधं लोखंड ओल्या लाकडातल्या टॅनिन नावाच्या तुरट द्रव्याशी मिळून काळं पडतं, माझे पहिले स्क्रू असेच गेले. स्टेनलेसच्या बोल्टवर नट चढवताना थोडं ग्रीस लावा. कोरडा आवळला तर तो मध्येच अडकतो, मग ना पुढे जातो ना मागे, आणि शेवटी कापावाच लागतो.

९. वारा

नवखे लोक मांडव खाली पडू नये म्हणून झटतात आणि तो वर उडू शकतो हे विसरतात. उघड्या वाशांतून वारा निघून जातो, पण वर शेडनेट किंवा पॉलिकार्बोनेटचे पत्रे आले की त्याचं शीड होतं. ३ जून २०२०ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा दापोली-मंडणगडातही लोकांनी छपरं जाताना पाहिली. त्यामुळे खाली दाबणाऱ्या वजनावर विसंबून चालत नाही, प्रत्येक जोड उचलण्याविरुद्धही बांधलेला हवा.

खांब आणि हस्त ह्यांना दोन्ही अंगांनी पट्टी लावून बोल्ट आरपार घ्या. हस्त आणि तुळई ह्यांना खालून कोच स्क्रू, हस्ताच्या मध्यापासून नऊ-दहा इंचांवर, दोन्ही बाजूंना एकेक. तिथे सांधा संपून पूर्ण जाडीची तुळई असते. स्क्रू खालून असल्यामुळे भोकात पाणी साठत नाही. आधी बारीक भोक पाडायला विसरू नका. खांबाचा तळ तळखड्यातल्या बुटाला बोल्टने धरलेला हवाच.

आणि तिरके आधार. खांबावर तुळईपासून दोन-अडीच फूट खाली आणि तुळईवर खांबापासून तेवढंच पुढे, पंचेचाळीस अंशांत, निदान नव्या खांबांना दोन्ही दिशांनी. हे नसले की सगळे सांधे उत्तम असूनही मांडव हाताने ढकलला तरी डुलतो.

झोपाळ्याचं विचारणार असाल तर: सांध्याच्या खणात टांगू नका, जुन्या अखंड तुळईवर टांगा, तेही खांबाच्या जितकं जवळ जमेल तितकं. साठ अंशांपर्यंत झोका गेला की तळाशी येताना दोरांवर वजनाच्या दुप्पट ओढ येते. सत्तर किलोंच्या माणसाचे एकशे चाळीस होतात, आणि आमच्याकडे झोपाळ्यावर एकटं कोणीच बसत नाही.

१०. वासे, तेल आणि पहिला पाऊस

टेकू काढताना पाचरी एकदम उडवू नका, आळीपाळीने थोड्या थोड्या सैल करा आणि कान तुळईकडे ठेवा. एखादी करकर ठीक, तडतड आली तर परत उचला आणि बघा. एक रात्र तसंच ठेवून मग वासे चढवा. सांध्याच्या बरोबर वर एक वासा आला तर सांध्याच्या फटीवर आपोआप टोपी होते, तसं अंतर आखा.

तेल जवसाचं चालतं. जुने लोक काजूच्या टरफलाचं तेल लावतात, वाळवीला ते जास्त चांगलं, रंग मात्र काळपट येतो. हातमोज्यांशिवाय त्याला हात लावू नका, कातडी अक्षरशः भाजते. तेलाने भिजलेले बोळे गोळा करून ठेवू नका, मोकळ्यावर पसरून वाळवा. जवसाच्या तेलाचे बोळे ढिगात आपोआप तापतात आणि पेटू शकतात. तुळयांच्या उघड्या टोकांना तीन-चार हात द्या, बाकी अंगाला दोन.

पाना हाताशी ठेवा. पहिल्या उन्हाळ्यात, एप्रिलच्या सुमारास, सगळे नट पुन्हा आवळावे लागतात. आमचे अर्धा ते पाऊण फेरा आत गेले. पावसात पहिली मोठी सर पडून गेल्यावर खाली उभं राहून सांध्याकडे बघा. हस्ताच्या दोन्ही काठांवरून थेंब पडत असतील आणि तासाभरात थांबत असतील तर ठीक आहे. दुसऱ्या दिवशीही एकाच जागेवरून टिपकत असेल तर तिथे कुठेतरी पाणी साठतंय. पावसाळा संपेपर्यंत ती जागा खडूने खूण करून ठेवा आणि दिवाळीनंतर पटाशीने तिथला उतार वाढवा.

सुतारकाका दुसऱ्या वेळीही बघायला आले होते. बराच वेळ वर बघितलं, एका बोल्टावर नख घासून पाहिलं, आणि त्या वाकड्या रेघेवर बोट ठेवून विचारलं, "हितं काय झालान?"